रात्रपाळी, घोरणे, निद्रानाश : कर्करोगाशी नाते नेमके कोणाचे?

खान्देशात झोपेविषयीच्या तक्रारी साधारण तीन तोंडांनी ऐकू येतात. धुळ्याचे निवृत्त शिक्षक सांगतात की रात्री एक वाजता जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. भुसावळचा लोको पायलट आणि रावेरचा केळी उत्पादक सांगतात की झोप भरपूर येते, पण झोपायला मिळत नाही. एकाला अवेळी ड्युटीचा कॉल येतो, तर दुसऱ्याच्या शेतातली थ्री-फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. तिसरी तक्रार ज्याची आहे तो करतच नाही, त्याची बायको करते. ‘रातभर घोरस’ म्हणून ती सुरुवात करते आणि मग खरी भीती सांगते, की घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, घरात एकदम शांतता होते आणि थोड्या वेळाने तो गुदमरल्यासारखा हिसका देऊन पुन्हा सुरू होतो.

‘झोप बिघडली तर कर्करोग होतो’ अशा अर्थाचे संदेश मोबाईलवर फिरतात तेव्हा ही तिन्ही माणसे एकाच पोत्यात भरली जातात. प्रत्यक्षात झोप न येणे, झोप न मिळणे आणि झोपेत श्वास अडणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, शरीरात त्यांच्यामुळे घडणारे बिघाडही वेगळे आहेत, आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध दाखवणारा पुरावा तर तिघांच्या बाबतीत फारच असमान आहे. असे संदेश वाचून सर्वांत जास्त धास्तावतात ते शिक्षक, आणि नेमका त्यांच्याच बाबतीत पुरावा सर्वांत कमजोर आहे. घोरणारा गृहस्थ मात्र निवांत असतो.

हे समजून घेण्यासाठी आधी शरीराच्या घड्याळाकडे पाहावे लागते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. बाहेर उजेड आहे की अंधार, याची वर्दी डोळ्यांकडून त्याला मिळते आणि त्यावरून तो सगळ्या शरीराची वेळ लावतो. पांझरेच्या काठावर फड पद्धतीत पाटकरी जसा कोणत्या शेताला कधी पाणी सोडायचे हे ठरवतो आणि बारी चुकली की एकाचे वाफे तुंबतात, दुसऱ्याचे कोरडे राहतात, तसेच काहीसे हे आहे. प्रत्येक पेशीतही स्वतःचे एक लहान घड्याळ असते. ते चालते कसे, हे फळमाशीवरच्या प्रयोगांतून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी अभ्यासलेल्या ‘पिरियड’ नावाच्या जनुकापासून बनणारे प्रथिन रात्री पेशीत साठत जाते आणि दिवसा विघटित होते. हा चढउतार म्हणजेच पेशीच्या घड्याळाचा लंबक.

कर्करोगाचा संबंध इथे येतो. पेशीने कधी दुभंगायचे आणि तिच्या डीएनएमध्ये झालेली मोडतोड कधी दुरुस्त करायची, यावर या घड्याळाचा ताबा असतो. कर्करोग म्हणजे शेवटी दुरुस्त न झालेल्या डीएनएसह पेशींची बेबंद वाढ. त्यामुळे घड्याळ वर्षानुवर्षे चुकत राहिले तर दुरुस्ती आणि दुभंगणे यांची बारी चुकू शकते, हा तर्क शास्त्रज्ञांना पटण्याजोगा वाटला. जोडीला मेलाटोनिन हे संप्रेरक आहे. एरन लर्नर यांनी येल विद्यापीठात १९५८ मध्ये ते शोधून काढले. मेंदूतील पिनियल ग्रंथी ते अंधारातच सोडते आणि डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की त्याचे प्रमाण झपाट्याने उतरते. स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशींची वाढ मेलाटोनिनमुळे मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यावरूनच १९८७ मध्ये रिचर्ड स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधकाने असा मुद्दा मांडला की औद्योगिक देशांत वाढणाऱ्या स्तनाच्या कर्करोगामागे रात्रीचा कृत्रिम उजेड हे एक कारण असू शकेल. तो त्या वेळी केवळ अंदाज होता.

रात्रपाळी

या अंदाजाची तपासणी परिचारिकांवर झाली, कारण रात्रपाळी करणाऱ्या आणि आरोग्याची नोंद नीट ठेवणाऱ्या महिला मोठ्या संख्येने तिथेच सापडतात. अमेरिकेत सुमारे ७८,००० परिचारिकांची दहा वर्षे नोंद ठेवली गेली आणि २००१ मध्ये निष्कर्ष आला की तीस वा अधिक वर्षे फिरती रात्रपाळी केलेल्या महिलांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण, रात्रपाळी कधीच न केलेल्यांपेक्षा ३६ टक्के जास्त होते.

टक्क्यांच्या अशा आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण गैरसमज इथेच होतात. ३६ टक्के जास्त म्हणजे शंभरांतल्या छत्तीस जणींना कर्करोग झाला, असे नव्हे. समजा, एखाद्या गटात १,००० महिलांपैकी ३० जणींना हा आजार होत असेल, तर धोका ३६ टक्क्यांनी वाढल्यावर तो साधारण ४१ जणींना होईल. म्हणजे हजारात अकरा जास्त. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण रात्रपाळी लागली म्हणून नोकरी सोडून पळत सुटावे इतकाही नाही.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या, फ्रान्समधील ल्यों येथील कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचे घड्याळ विस्कटणाऱ्या पाळीच्या कामाला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा गट २-अ मध्ये ठेवले. जून २०१९ मध्ये सगळा पुरावा पुन्हा तपासून तिने हा गट कायम राखला. प्राण्यांवरील प्रयोगांतला पुरावा पुरेसा आहे, शरीरात हे कसे घडत असावे याचा उलगडा भक्कम आहे, पण माणसांवरील अभ्यासांतला पुरावा मर्यादित आहे आणि तो मुख्यतः स्तन, प्रोस्टेट आणि मोठे आतडे यांच्या कर्करोगाबाबत आहे, असे तिचे म्हणणे. हे गट धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत, पुरावा किती पक्का आहे एवढेच सांगतात, ही बाब वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हमखास गळून पडते. गट २-अ मध्ये रात्रपाळीच्या शेजारी लाल मांसही बसलेले आहे. तंबाखू आणि सुपारी त्याच्या वरच्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहेत.

माणसांवरील पुरावा मर्यादित का, याचे कारण अभ्यासांतली ओढाताण. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात वेगवेगळ्या देशांतल्या दहा अभ्यासांमधील मिळून सुमारे १४ लाख महिलांची माहिती एकत्र केली गेली, आणि रात्रपाळी व स्तनाचा कर्करोग यांचा काहीही संबंध दिसला नाही. टीकाकारांनी त्यावर आक्षेप घेतला की त्यातल्या ब्रिटिश महिला बहुतेक साठी ओलांडलेल्या होत्या आणि त्यांची रात्रपाळी कधीच संपलेली होती. दुसऱ्याच वर्षी अमेरिकी परिचारिकांची आकडेवारी पुन्हा तपासली गेली. तेव्हा वयस्क गटात एकूण संबंध दिसला नाही, पण तरुणपणीच वीस वा अधिक वर्षे रात्रपाळी केलेल्यांत धोका दुपटीच्या आसपास आढळला. माझ्या मते दोन्ही बाजू एकत्र वाचल्या तर मुद्दा असा उरतो की थोडी वर्षे केलेल्या रात्रपाळीविषयी चिंतेचे कारण नाही. प्रश्न आहे तो विशी-तिशीपासून पुढे दशकानुदशके केलेल्या रात्रपाळीचा. डेन्मार्कने तर दीर्घकाळ रात्रपाळी केलेल्या, स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे चाळीस महिलांना भरपाईही दिली. पुरावा पुरता पक्का होण्याची वाट न पाहता एखादा देश निर्णय घेऊ शकतो, याचे ते उदाहरण आहे.

हे निष्कर्ष खान्देशात जसेच्या तसे आणता येत नाहीत. अभ्यास युरोप-अमेरिकेतील परिचारिकांचे आहेत. टॉर्च घेऊन मोटर चालू करायला जाणारा शेतकरी दवाखान्याच्या वॉर्डातल्यासारख्या लख्ख उजेडात रात्र काढत नाही, त्यामुळे त्याचे मेलाटोनिन तितके दबत नसावे. मात्र त्याची झोप तुटते ती तुटतेच. उलट दीपनगरच्या वीज केंद्रात, रेल्वेच्या यार्डात किंवा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांची स्थिती त्या परिचारिकांच्या जवळ जाणारी आहे. त्यात आपल्याकडे एक भर पडते, ती मे महिन्याची. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची दिवसाची झोप कुठेही तुटक आणि कमीच असते. पारा ४४-४५ अंशांवर असताना, पत्र्याच्या छताखाली, कूलरचे पाणी संपलेले आणि लाईट गेलेली अशा अवस्थेत ती किती होत असेल, याचा अंदाज इथल्या वाचकाला कोणी द्यायला नको. घराच्या धाब्यावर बाज टाकून काळोखात झोपण्याची आपली जुनी पद्धत शरीराच्या घड्याळाला फार मानवणारी होती, पण ती दिवसा झोपणाऱ्याच्या कामाची नाही.

पाळी बदलणे कामगाराच्या हातात क्वचितच असते. म्हणून तज्ज्ञांच्या शिफारशी आधी व्यवस्थापनासाठी आहेत : सलग तीनपेक्षा जास्त रात्री लावू नयेत, दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा तासांची मोकळीक असावी, आणि पाळी फिरवायचीच तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवावी. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या सौर योजनांकडे केवळ सोयीची गोष्ट म्हणून पाहिले जाते. त्यांची आरोग्याची बाजूही कोणीतरी मांडायला हवी. कामगाराने स्वतः करायचे ते एवढेच, की झोपण्याची खोली शक्य तितकी काळोखी करावी, भले खिडकीला गोधडी लावावी लागो, आणि घरच्यांनी त्या वेळेला रात्रीइतकाच मान द्यावा. मेलाटोनिनच्या गोळ्यांनी कर्करोग टळतो याला आधार नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी मेडिकलच्या दुकानात जाऊ नये.

झोपेत अडणारा श्वास

आता घोरणाऱ्या गृहस्थाकडे येऊ. प्रत्येक घोरणे हा आजार नव्हे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट पूर्ण किंवा बरीचशी बंद होते, किमान दहा सेकंद तशीच राहते, आणि हे वारंवार घडते, तेव्हा त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला ५ ते १५ वेळा घडले तर सौम्य, ३० वेळा किंवा त्याहून जास्त घडले तर तीव्र. तासाला तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा दाबल्यासारखे होणे, आणि तेही रात्रभर. माणसाला यातले काही आठवत नाही. दिवसा पेंग येते, सकाळी डोके जड असते, रक्तदाब औषधांना जुमानत नाही, एवढेच त्याला कळते.

प्रत्येक वेळी श्वास अडला की रक्तातला प्राणवायू घसरतो आणि पुन्हा वर येतो. प्राणवायू कमी झाल्याची खबर पेशीला कशी लागते, या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले. प्राणवायू घटला की पेशीत एक विशिष्ट प्रथिन टिकून राहते आणि ते नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचे आदेश देते. निरोगी पेशीसाठी ही जीव वाचवण्याची सोय आहे. अडचण अशी की शरीरात कुठे लहानशी गाठ लपलेली असेल तर तिलाही नेमके हेच हवे असते, कारण रक्तपुरवठ्याशिवाय गाठ वाढत नाही. उंदरांना दिवसातले काही तास असा चढउतार होणारा प्राणवायू दिला तेव्हा त्यांच्यातील त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी जास्त वेगाने वाढल्या आणि पसरल्या. म्हणजे इथे शंका केवळ कर्करोग सुरू होण्याची नाही, असलेला कर्करोग फोफावण्याचीही आहे.

माणसांमधला पहिला ठळक आकडा २०१२ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातून आला. १,५२२ जणांची २२ वर्षे नोंद ठेवल्यावर तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्यांत कर्करोगाने मरण्याचा धोका ४.८ पट आढळला. आकडा धक्कादायक आहे खरा, पण त्या संपूर्ण अभ्यासात कर्करोगाने झालेले मृत्यू ५० होते. इतक्या कमी घटनांवर उभा असलेला आकडा पुढच्या अभ्यासात बराच खाली येऊ शकतो. तसेच झाले. कॅनडातील सुमारे १०,००० जणांच्या अभ्यासात २०१४ मध्ये एकूण कर्करोगाशी संबंध दिसलाच नाही. नंतर कॅनडातल्याच ३३,००० हून अधिक लोकांच्या मोठ्या अभ्यासात तो दिसला, पण मध्यम स्वरूपाचा : तीव्र ॲप्नियात धोका १५ टक्क्यांच्या आसपास जास्त, आणि रात्री प्राणवायू फार घसरत असेल तर सुमारे ३० टक्के. स्पेनमधील जवळपास ५,००० रुग्णांच्या अभ्यासातही श्वास किती वेळा अडला यापेक्षा रक्तातला प्राणवायू ९० टक्क्यांखाली किती वेळ राहिला, हे मोजमाप जास्त बोलके ठरले. खरा दोषी प्राणवायूची घसरण असावी, या अंदाजाला त्यामुळे बळ मिळते.

इथे एक गुंता मान्य केला पाहिजे. ॲप्निया बहुतेकदा लठ्ठ माणसांत आढळतो, आणि लठ्ठपणाचा १३ प्रकारच्या कर्करोगांशी असलेला संबंध स्वतंत्रपणे सिद्ध झालेला आहे. संशोधक गणिताने वजनाचा वाटा वेगळा काढतात, पण तो पूर्णपणे वेगळा निघतोच असे नाही. शिवाय भारतीय माणसात जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या ठेवणीमुळे फारशी चरबी नसतानाही ॲप्निया होऊ शकतो, म्हणून ‘मी कुठे जाडा आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

उपचार मात्र हाताशी आहे. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे आणि मद्य सोडणे हे पहिले. दारूने झोप लागते असे म्हणणाऱ्याच्या घशाचे स्नायू तीच दारू आणखी सैल करते, आणि ती स्वतः पहिल्या गटातली कर्करोगकारक आहे ते वेगळेच. तीव्र ॲप्नियासाठी ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये वापरात आणलेले सीपॅप यंत्र आजही मुख्य उपचार आहे. नाकावरच्या मास्कमधून ते हवेचा मंद दाब देऊन वाट उघडी ठेवते. त्याने कर्करोग टळतो असे सिद्ध झालेले नाही. यंत्र घ्यायचे ते दिवसाची पेंग जावी, रक्तदाब आवरावा आणि सावद्याहून केळी भरून निघालेल्या ट्रकच्या चालकाचा डोळा महामार्गावर मिटू नये म्हणून. तेवढी कारणे पुरेशी आहेत.

झोप न येणे

राहिले धुळ्याचे शिक्षक. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने झोप लागत नसेल किंवा टिकत नसेल तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्याचा कर्करोगाशी संबंध शोधणाऱ्या अभ्यासांचे निकाल एका दिशेने जात नाहीत. अनेकदा कारण आणि परिणाम यांची अदलाबदलच झालेली असते : निदान न झालेल्या आजाराचे दुखणे, खोकला किंवा काळजी झोप उडवते, आणि पुढे निदान झाले की वाटते, झोप उडाल्यामुळे आजार झाला. ही अडचण टाळण्यासाठी संशोधक जन्मतःच मिळालेल्या जनुकांचा आधार घेतात, कारण जनुके आजारामुळे बदलत नाहीत. अशा पद्धतीच्या २०१९ मधील एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात सकाळी लवकर उठण्याची नैसर्गिक प्रवृत्ती असलेल्या महिलांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमी आढळला, पण निद्रानाशामुळे तो वाढतो असा सुसंगत पुरावा मिळाला नाही.

एक प्रयोग मात्र वारंवार सांगितला जातो, आणि बहुतेकदा अर्धाच. कर्करोगाच्या पेशींना टिपून मारणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ आपल्या रक्तात असतात. १९९४ मध्ये २३ निरोगी पुरुषांना पहाटे तीन ते सात जागे ठेवले, तेव्हा या पेशींची क्षमता सरासरी ७२ टक्क्यांवर उतरली. हे खरे आहे. त्याच प्रयोगाचा उत्तरार्ध असा, की दुसऱ्या रात्री नीट झोप मिळताच ती पूर्ववत झाली. तो भाग फिरणाऱ्या संदेशांत नसतो.

तेव्हा निद्रानाशाचा उपचार झोपेसाठी करावा, कर्करोगाच्या भीतीने नव्हे. ती भीतीच झोपेची वैरीण आहे. पहिला उपचार विचार आणि सवयी बदलण्याची समुपदेशन पद्धत हा आहे, चिठ्ठीशिवाय आणलेली अल्प्राझोलाम नव्हे, जिची सवय लागते. एकच अपवाद लक्षात ठेवावा. कपडे भिजतील इतका घाम येऊन रात्री जाग येत असेल, सोबत ताप असेल आणि वजन उतरत असेल, तर तो निद्रानाश समजू नये. क्षयरोग किंवा लसिका ग्रंथींचा कर्करोग यांची तपासणी लगेच करून घ्यावी.

जागरणाची पुडी

हे सगळे एका बाजूला ठेवून खान्देशातल्या जागरणाकडे पाहिले तर झोप आणि कर्करोग यांना जोडणारा सर्वांत जाड दोर वेगळाच दिसतो. रात्री झोप येऊ नये म्हणून तळहातावर तंबाखू मळली जाते, पुडी फोडली जाते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी पुडी मिळत नाही असे कोणी म्हणणार नाही. जागरणाने होणाऱ्या संभाव्य वाढीची चर्चा बहुतेक वेळा टक्क्यांत चालते. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाची चर्चा पटींत करावी लागते. आणि सर्वांत वाईट सवय तर झोपेतलीच आहे : गालात बार ठेवून तसेच झोपी जाणे. झोपेत लाळ कमी सुटते, तोंड धुतले जात नाही आणि तंबाखू तासन्‌तास एकाच जागी चिकटून राहते. रात्री मशेरी लावून झोपणाऱ्या महिलांनाही हेच लागू आहे. तिशी ओलांडलेल्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. रात्रपाळी करणाऱ्याने ती दिवसाची झोप मोडूनही करून घ्यावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

घोरणाऱ्यासाठी मात्र पहिली तपासणी घरातच होऊ शकते. तो झोपला की बायकोने किंवा मुलाने मोबाईलवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ घ्यावा, त्यात छाती हलते पण श्वासाचा आवाज येत नाही असा भाग सापडतो का ते पाहावे, आणि कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञाकडे जाताना तो सोबत न्यावा. ‘मी घोरतच नाही’ असे तो तिथेही म्हणेल, तेव्हा तो व्हिडिओ कामाला येतो.